लोकांनी कौल दिला, मग संसदेला विचारायचं कशाला? मिलर केस, जळगावच्या क्लासमधून

पॉलिटीच्या बॅचला मी दरवर्षी एक तरी बाहेरच्या देशातली केस घेतो. पोरं कुरकुर करतात, सर हे राज्यसेवेला येतं का, आणि खरं सांगायचं तर येत नाही, पण सरकार वेगळं आणि संसद वेगळी हे ज्याच्या डोक्यात नीट बसलं नाही त्याने कलमं कितीही घोकली तरी मुलाखतीत अडकतोच असा माझा अनुभव आहे. यंदा ब्रेक्झिटवाली, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं त्यावेळची, मिलर केस घेतली. एप्रिलची दुपार, जळगावचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको, कुलरची टाकी कोरडी, अर्ध्या बॅचचे डोळे मिटायला आलेले. मी फळ्यावर एकच ओळ लिहिली: जनमताचा निकाल लागू करायला संसदेची संमती लागावी का? मागच्या बाकावरून चाळीसगावकडचा एक जण झोपेतून उठल्यासारखा म्हणाला, "मंग लोकेसले इचारं कसाले, सर?" सगळे हसले, झोप उडाली. पण लंडनच्या सुप्रीम कोर्टात अकरा जज चार दिवस बसून ज्याच्यावर डोकं खाजवत होते तो प्रश्न जवळपास हाच होता.

आधी घडलं काय ते बघू. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये जनमत झालं, म्हणजे एकाच प्रश्नावर थेट लोकांचं मतदान, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं. ७२ टक्के लोकांनी मत दिलं. बाहेर पडा म्हणणारे (लीव्हवाले) १ कोटी ७४ लाख, राहा म्हणणारे (रिमेनवाले) १ कोटी ६१ लाख, म्हणजे ५१.९ विरुद्ध ४८.१. मतदानाआधी सरकारने घरोघरी एक पत्रक वाटलेलं, त्यात स्वच्छ लिहिलेलं की निर्णय तुमचा, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अंमलात आणेल. दुसऱ्या दिवशी सकाळीच पंतप्रधान कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला, जुलैमध्ये थेरेसा मे आल्या आणि ऑक्टोबरमध्ये पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी सांगून टाकलं की मार्च २०१७ संपायच्या आत आम्ही कलम ५० ची नोटीस देणार. हे कलम ५० युरोपच्या करारातलं, एखाद्या देशाला बाहेर पडायचं असेल तर त्याने नोटीस द्यायची आणि मग दोन वर्षांचं घड्याळ सुरू. दोन वर्षांत बोलणी झाली तर ठीक, नाही झाली आणि मुदतही वाढवून मिळाली नाही तर तसेच बाहेर.

आता नोटीस कोणाच्या अधिकारात द्यायची? मे बाईंचं म्हणणं होतं की राजमुकुटाच्या विशेषाधिकारात. ब्रिटनमध्ये परराष्ट्र करार करणं आणि मोडणं हे जुन्या काळापासून राजाचं काम, आता राजा-राणी नावाला आणि ते अधिकार मंत्री वापरतात, त्याला संसदेचं मत घ्यावं लागत नाही. तर सरकार म्हणालं करार आम्ही मोडू शकतो, शिवाय लोकांनी सांगितलंय, आता अजून कोणाला विचारू.

यावर कोर्टात गेल्या जिना मिलर, गयानात जन्मलेल्या, गुंतवणुकीच्या धंद्यातल्या. त्यांच्यासोबत दुसरा अर्जदार डेअर डॉस सांतोस नावाचा हेअरड्रेसर होता, त्याचं नाव फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ३ नोव्हेंबर २०१६ ला हायकोर्टाच्या तीन जजेसनी निकाल दिला की सरकारला एकट्याने नोटीस देता येणार नाही, संसदेचा कायदा लागेल. दुसऱ्या दिवशी डेली मेलने तिघांचे फोटो पहिल्या पानावर टाकून वर मथळा दिला, जनतेचे शत्रू. मिलर बाईंना तर इतक्या धमक्या आल्या की एका सरदार घराण्यातल्या माणसाला त्यापायी पुढे जेलमध्ये जावं लागलं. हे मी पोरांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला वाटतं कोर्टाच्या नावाने बोटं मोडायची सवय फक्त आपल्याकडेच आहे.

सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. ५ ते ८ डिसेंबर सुनावणी, अकराच्या अकरा जज एकत्र बसलेले, असं त्या कोर्टात आधी कधी झालं नव्हतं. २४ जानेवारी २०१७ ला निकाल, ८ विरुद्ध ३, सरकार हरलं. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांच्या विधानसभांची संमती कायद्याने लागते का, यावर मात्र अकराही जण नाही म्हणाले, तो वेगळा विषय आहे, सोडून देतो.

आता यातला खरा कायद्याचा मुद्दा. पोरांना तो इंग्रजी निकालातून समजेना म्हणून मी गिरणेचा पाट काढला. गिरणा धरणाचं आवर्तन सुटलं की पाणी पाटात येतं, पाटातून चारीत, चारीतून वावरात. ब्रिटनच्या संसदेने १९७२ मध्ये एक कायदा केला, युरोपियन कम्युनिटीज ॲक्ट, ती ही चारी समजा. युरोपात जो कायदा होईल तो या चारीतून आपोआप ब्रिटनच्या वावरात उतरायचा, दरवेळी नवीन कायदा करायची गरज नाही. लोकांना त्यातून हक्क मिळाले, युरोपच्या संसदेसाठी मतदान करण्यापासून ते बाकी बरेच. सरकारचा युक्तिवाद असा की आम्ही चारीला हात लावत नाही. चारी जशीच्या तशी, आम्ही फक्त धरणाशी असलेला करार संपवतोय, आता वरून पाणीच आलं नाही तर चारी कोरडी राहील, त्यात संसदेचा कायदा मोडला कुठे? आणि हा युक्तिवाद फालतू नाही हां, विरोधात गेलेल्या तीन जजेसनी, त्यात लॉर्ड रीड यांनी सगळ्यात सविस्तर, साधारण हेच मांडलं की १९७२ चा कायदा पाणी येईल तेव्हा ते वाहू द्या एवढंच सांगतो, पाणी कायम यायलाच पाहिजे असं त्यात कुठेही नाही.

आठ जण म्हणाले तसं नाही. या चारीने चाळीसेक वर्षं वावर भिजवलंय, ती देशाच्या कायद्याचा एक उगम झालीय, तो उगमच बंद करणं म्हणजे देशाचा कायदा बदलणं, आणि देशाचा कायदा मंत्र्याने एकट्याने बदलायचा नाही हे तिथे १६१० पासून ठरलेलं आहे. मिलर यांचे वकील लॉर्ड पॅनिक यांचं म्हणणं होतं की ट्रिगर एकदा ओढला की गोळी लागणारच, म्हणजे नोटीस गेली की हक्क जाणारच, मग संसदेला नंतर विचारून काय उपयोग. गंमत म्हणजे नोटीस मागे घेता येत नाही हे दोन्ही बाजूंनी धरूनच चाललेलं, आणि डिसेंबर २०१८ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की येते की मागे घेता, एकट्या देशाला! तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

पण आमच्या चाळीसगाववाल्याचा प्रश्न तसाच राहिला ना, मग लोकांना विचारलं कशाला. त्याचं उत्तर निकालात एका जागी आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोर्ट म्हणालं जनमताचं राजकीय वजन प्रचंड आहे, त्याबद्दल वादच नाही, पण त्याचा कायद्यात अर्थ काय हे ज्या कायद्याने ते मतदान घेतलं त्या कायद्यात बघा. आणि २०१५ च्या त्या कायद्यात काय होतं? मतदान घ्या, प्रश्न अमुक, मतदार तमुक, खर्चाचे नियम ढमुक. निकाल लागल्यावर काय करायचं यावर एक अक्षर नाही. पत्रकात आश्वासन होतं, कायद्यात नव्हतं. आणि हे काही तिथल्या लोकांना जमत नव्हतं अशातला भाग नाही, २०११ मध्ये मतमोजणीची पद्धत बदलायची का यावर तिथेच जनमत घेतलं होतं, त्या कायद्यात आधीच लिहिलेलं की हो आलं तर मंत्र्याने नवी पद्धत लागू करायचीच. (लोकांनी तेव्हा नाही म्हणलं, ६८ टक्क्यांनी, त्यामुळे वेळच आली नाही.) म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्यांना कलम लिहिता आलं त्यांनी २०१५ मध्ये लिहिलं नाही, कारण माझ्या मते कोणाला वाटलंच नव्हतं की लीव्ह जिंकेल.

इथे यावलची एक मुलगी उठली, वडील केळीवाले, ती नेहमी बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवते. म्हणाली सर, पण खासदार तर बहुतेक रिमेनच्या बाजूचे होते ना, मग त्यांच्याकडे निकाल पाठवायचा म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मुद्दा चोख आहे. लीव्हवाल्यांचा राग होता तो यामुळेच, त्यांना वाटलं कोर्ट, संसद, श्रीमंत बाई सगळे मिळून आपलं मत गिळायला निघालेत. पण झालं काय बघा. निकालानंतर दोन दिवसांत सरकारने दोन कलमांचं इवलंसं विधेयक आणलं, १ फेब्रुवारीला दुसऱ्या वाचनाला ४९८ विरुद्ध ११४ ने पुढे गेलं. ज्यांनी स्वतः रिमेनला मत दिलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी मान खाली घालून हो म्हणलं, मतदारसंघात जाऊन तोंड दाखवायचं असतं. लॉर्ड्सनी, म्हणजे वरच्या सभागृहाने, दोन दुरुस्त्या घातल्या, एक ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपियन लोकांच्या हक्कांची, दुसरी शेवटच्या करारावर संसदेला खरंखुरं मत मिळावं याची, दोन्ही कॉमन्सने, म्हणजे खालच्या सभागृहाने, १३ मार्चला काढून टाकल्या. १६ मार्चला राणीची मंजुरी, २९ मार्चला नोटीस ब्रसेल्सला पोचली. सरकारने आधी सांगितलेली तारीख एका दिवसानेही चुकली नाही.

म्हणजे किल्ल्या मिळाल्या आणि संसदेने न उघडता परत केल्या. माझा या केसमध्ये कोर्टावर राग नाही, राग आहे तो संसदेवर, दोनदा. पहिल्यांदा २०१५ मध्ये निकालानंतरचं लिहिलं नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा २०१७ मध्ये, कोर्टाने ताट वाढून पुढे ठेवलेलं असताना काही न विचारता कोरा चेक दिला म्हणून. कारण मतपत्रिकेवर बाहेर पडा एवढंच होतं. कसं पडायचं, कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक जकात व्यवस्थेत, राहायचं का, आयर्लंडच्या सीमेवर नाकी बसवायची का, हे लोकांना कोणी विचारलंच नव्हतं. ते कोणीतरी ठरवायचंच होतं, आणि ते एकट्या मंत्रिमंडळाने ठरवावं की ४८ टक्केवाल्यांनीही निवडून दिलेल्या सभागृहाने, हे भांडण नोटीस देण्याआधी झालं असतं तर बरं झालं असतं. ते झालं नोटीस दिल्यावर, घड्याळ चालू असताना. संसदेने नंतर भांडून ते खरंखुरं मत मिळवलं आणि १५ जानेवारी २०१९ ला मे बाईंचा करार ४३२ विरुद्ध २०२ ने आपटला, २३० चा फरक, त्यांच्या आधुनिक इतिहासात सरकारचा एवढा मोठा पराभव नाही. मार्चमध्ये अजून दोनदा आपटला. शेवटी नवीन पंतप्रधान, नवीन निवडणूक, आणि ३१ जानेवारी २०२० ला रात्री बाहेर.

आता इथपर्यंत ऐकून पोरं म्हणतील हे लांबचं. म्हणून मी मावशीच्या गावची गोष्ट सांगितली. गावाचं नाव देत नाही, गिरणेच्या काठचं आहे एवढं पुरे. आपल्याकडे एक खरंखुरं जनमत होतं, आडवी बाटली उभी बाटली. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा, सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान, मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. आणि आडवी जिंकली की परवाना बंद करायचा आदेश निघतो, ना ते विधानसभेत जातं ना कोणी चर्चा करतं. कारण सगळं नियमात आधीच लिहून ठेवलंय, कोणी विचारायचं, किती मतं पाहिजेत, बंद कोण करणार. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात जे नव्हतं ते बाटलीच्या नियमात आहे, याचा मला जरा अभिमानच वाटतो.

पण त्यात एक मेख आहे. मतदानाला आलेल्या बायांच्या निम्म्याहून जास्त मतं चालत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. मावशीच्या गावी मतदान ठेवलं नेमकं कापूस वेचणीच्या दिवसांत. कितीतरी घरं सुरतेला कामाला गेलेली, लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींची नावं यादीत तशीच, आणि वारलेल्या म्हाताऱ्यांची तर विचारूच नका, यादी कित्येक वर्षांत कोणी धड साफ केलेली नव्हती. आडवीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली, पेटीतून चिठ्ठीमागून चिठ्ठी आडवीच निघत होती म्हणे, तरी आकडा यादीच्या निम्म्यापर्यंत पोचला नाही. दुकान चालू राहिलं. संध्याकाळी मी गेलो तर मावशी ओट्यावर बसलेली, बोटाची शाई तशीच, बोंडांनी फाटलेली नखं, समोर कळण्याची भाकरी आणि ठेचा तसाच पडलेला. मला म्हणाली, "मरेल बाया बी उभी बाटलीले मत दी ग्यात का रे भाऊ?" मी पॉलिटी शिकवतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हाच प्रश्न १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या लोकांनी विचारला होता, हे मला नंतर वाचताना सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तिथे वेगळी विधानसभा हवी का यावर १ मार्च १९७९ ला जनमत घेतलं. जॉर्ज कनिंगहॅम नावाच्या खासदाराने कायद्यात आधीच अट घुसवली होती की हो म्हणणारे एकूण मतदार यादीच्या ४० टक्के तरी पाहिजेत. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के हो म्हणाले, पण यादीच्या हिशोबाने ते ३२.९ टक्के भरले. मतदानाला न आलेले सगळे नाहीच्या पारड्यात. कायदा लागू झालाच नाही. चिडलेल्या स्कॉटिश नॅशनल पक्षाने अविश्वासाचा विषय लावला, २८ मार्चला सरकार ३११ विरुद्ध ३१० ने एका मताने पडलं आणि थॅचर बाई आल्या. १९९७ मध्ये परत विचारलं तेव्हा ४० ची अट नव्हती, ७४ टक्के हो, त्याच्यावर पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

आपल्या घटनेत जनमताची तरतूदच नाही हे पोरांना माहितीच असतं. पण गोव्याचा कौल महाराष्ट्रातल्या माणसाने तरी विसरू नये. १६ जानेवारी १९६७, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा, दोन पानं म्हणजे वेगळे राहा. १ लाख ७२ हजार पानांना, १ लाख ३८ हजार फुलाला. तो कौल घ्यायलासुद्धा संसदेने १९६६ मध्ये कायदा केलेला. आणि समजा फूल जिंकलं असतं तरी गोवा आपोआप आपला होणार नव्हता, राज्याची हद्द बदलायची म्हणजे कलम ३, म्हणजे परत संसदच. मिलरशी जास्त मिळतीजुळती आपल्याकडची केस बेरुबारीची. नेहरूंनी १९५८ मध्ये पाकिस्तानशी करार करून बंगालमधल्या बेरुबारीचा निम्मा भाग द्यायचं ठरवलं, सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये सांगितलं करार करा, पण देशाची जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल, आणि मग नववी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधानाची सही पुरत नाही हे आपल्या कोर्टाने त्यांच्या सत्तावन्न वर्षं आधी सांगितलेलं. हे मात्र परीक्षेला येतं, लिहून घ्या म्हणलं की पेनं लगेच चालायला लागतात.

तास संपताना मी होमवर्क दिलं. तुम्ही २०१५ मध्ये लंडनला खासदार आहात, त्या कायद्यात निकालानंतर काय करायचं याचं एक कलम लिहून आणा, फक्त एक. बहुतेकांनी आणलं ते चांगलंच होतं, साधं बहुमत पुरे, सहा महिन्यांत सरकारने बाहेर पडायचा आराखडा सभागृहात मांडावा, सभागृहाने बाहेर पडायचं की नाही यावर मत द्यायचं नाही, कसं पडायचं यावर द्यायचं, आणि त्यानंतरच नोटीस. यावलच्या मुलीने तर आराखडा तीनदा नाकारला गेला तर परत लोकांकडे जायचं असं पोटकलमही घातलेलं, ते मला पटलं नाही, कारण मग तीनदा नाकारायचीच स्पर्धा लागेल, त्यावर आमचं बरंच वाजलं.

चाळीसगाववाल्याने अर्ध्या पानावर एकच ओळ आणली होती, मराठीत, खाडाखोड करून. मतदानाच्या आधी तीन महिने घरोघर जाऊन यादी तपासावी आणि मयतांची नावं काढावीत. मी म्हणलं अरे हे ब्रेक्झिटचं कलम आहे, तिथे यादीच्या टक्क्याची अट नव्हतीच. तो म्हणाला, "ते माहिती शे सर. पन पयले हाई लिखा, मंग बाकीनं."